घडी न घालता बेतलेला कुर्ता

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. सात वर्षांची असताना बिद्रीजवळच्या आजोळी मामाच्या रिकाम्या ट्रॉलीतून मी खाली पडले. गावातल्या हाडवैद्यानं हाड बसवलं, महिनाभर हात गळ्यात बांधून फिरले, आणि पुढं हात अगदी ठणठणीत झाला. त्या हातानं मी बादल्या उचलल्या, पुस्तकांचे गठ्ठे वाहिले, स्कूटर चालवली. खांदा मात्र जिथं बसला तिथंच राहिला.

दुखत कधीच नाही. त्रास कपड्यांचा. कुठलाही तयार ड्रेस घातला की गळा उजवीकडं घसरतो आणि पाठीवर एक तिरपी चुणी पडते. लहानपणी आई प्रत्येक फ्रॉकला आतून सेफ्टीपिन लावायची. मोठी झाल्यावर ओढणी आली. सगळ्या मैत्रिणी ओढणी गळ्यात टाकायच्या, मी तिची जाड घडी करून उजव्या खांद्यावर ठेवायचे. शिंप्यांकडं गेलो की उत्तर ठरलेलं असायचं, "पॅड टाकूया की, कळणार पण न्हाय." एका बारशाला ते पॅड निसटून बाहीत उतरलं आणि दंडावर बेडकुळी आल्यासारखं दिसायला लागलं. शेजारची बाई मोठ्यानं म्हणाली, "तालमीला जातीस व्हय गं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. आई हसली नाही. तिनं मला मोरीत नेलं, पॅड ओढून काढलं आणि पदराखाली लपवून घरी आणलं.

खांद्याविषयी आई कधी बोलायची नाही. मला बघायला पाहुणे आले की ती बरोबर माझ्या उजव्या बाजूला, अगदी चिकटून बसायची, एवढंच. लग्न झालं नाही. त्याला खांदा कारण होता की माझं तोंड, हे आमच्या नातेवाइकांत अजून ठरलेलं नाही. बाबा गेल्यापासून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहतो. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. आई गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावते, तीस वर्षं लावत आली आहे.

जेवणाच्या सुट्टीत लायब्ररी रिकामी होते. तेव्हा मी डबा खात फोन बघते, सगळे बघतात तेच. मांजरं, खिडकीतली कोथिंबीर, पाच मिनिटांत होणारा केक. एकदा जुन्या साडीचं जॅकेट शिवणाऱ्या मुलीवर जरा जास्त वेळ थांबले, आणि फोनला काय वाटलं कुणास ठाऊक, तो मला शिलाईच दाखवत सुटला. कुणी पडद्याचा झगा करत होती, कुणी बापाच्या शर्टाचा टॉप. मी बघायचे आणि बोट वर सरकवायचे. एवढी हौस बघायला बरी, आपल्याला कुठं जमायचंय, असं मनात असायचं.

मग एके दुपारी ती बाई आली. पिकल्या केसांची, साठीच्या पुढची. ती कुठली भाषा बोलत होती ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं कॅमेऱ्याकडं पाठ केली. पाठ वाकडी होती, एक खांदा वर, एक खाली, माझ्यापेक्षाही जास्त. त्या पाठीवर तिनं बिनधास्त हात फिरवून दाखवला, जसं एखादी बाई आपली नवीन भांडी दाखवते तसं. मग टेबलावर कापड पसरलं.

आजवर मी प्रत्येक शिंप्याला कापड मधोमध दुमडतानाच बघितलं होतं. घडी घालायची, अर्ध्या अंगाचं माप आखायचं आणि एकदाच कात्री चालवायची, की दोन्ही बाजू सारख्या निघतात. या बाईनं घडी घातलीच नाही. कापड एकेरी, सपाट ठेवलं, मधून खडूनं उभी रेघ ओढली आणि डावी बाजू वेगळी आखली, उजवी वेगळी.

मी घास हातात धरून बसले. एवढी साधी गोष्ट. सारखं नसलेलं अंग, मग बाजूही सारख्या कशाला कापायच्या? चाळिशी उलटेपर्यंत हे मला एकाही शिंप्यानं सांगितलं नव्हतं, आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. तो व्हिडिओ मी सुट्टी संपेपर्यंत बघत राहिले. एका विद्यार्थ्यानं काउंटरवर टकटक केलं तेव्हा भानावर आले.

रविवारी मी कपाटातली जुनी चादर काढली आणि फरशीवर पसरली. आई देवपूजा करून बाहेर आली.

"काय करालीस त्या चादरीचं?"

"ड्रेस शिवणार आहे. माझा मीच."

"तुला टीप तर घालायला येती का सरळ?"

येत नव्हती. तरी आईच्या फॉलच्या मशीनवर मी दिवसभर झटले. संध्याकाळी जे तयार झालं त्याला दोन बाह्या आणि एक गळा होता, पण डोकं आत जाईना. गेलं तेव्हा हात वर होईना. आई दारात उभी राहून बघत होती. तिला हसू आवरेना. मग म्हणाली, "मला फकस्त सरळ टीप घालायला येती. बेतायचं काम मला न्हाय जमत. मास्तरकडं जा."

मास्तर म्हणजे आमच्याच गल्लीत तीन घरं सोडून राहणारे जुने शिंपी. पुरुषांचे शर्ट शिवण्यात त्यांची हयात गेली. गुडघे गेले तसं त्यांनी दुकान बंद केलं. आता दुपारची नमाज झाली की घरासमोर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कॉलरी बघून नावं ठेवतात. मी माझा चादरीचा ड्रेस पिशवीतून काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, ड्रेस उलटा केला, सुलटा केला.

"तांदळाचं पोतं शिवलंयस व्हय?"

"शिकवा की मग."

"मी जेंट्स टेलर, पोरी. उभ्या जन्मात बायकांचं माप घेतलं न्हाय."

मी त्यांना फोनवर तो व्हिडिओ लावून दिला. त्यांनी तो एकदा बघितला. परत लावायला सांगितला. तिसऱ्यांदा बघताना त्यांचं बोट आपोआप मांडीवर रेघा ओढत होतं.

"बाई खरं बोलालीया," ते म्हणाले.

"तुम्हाला भाषा कळते?"

"भाषा काय करायचीय? खडू कसा चालतोय बघ की."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. तालमीतले पैलवान त्यांच्याकडं शर्ट शिवायला यायचे. त्यात एकाचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला जाड होता. घडी घालून कापलेला शर्ट त्याला एकीकडं तटतटायचा आणि दुसरीकडं लोंबायचा. शेवटी मास्तरांनी त्याचं कापड एकेरी पसरून दोन्ही बाजू वेगळ्या बेतल्या. शर्ट चापून बसला. पैलवान खूश होऊन दर दिवाळीला यायला लागला.

"त्याला सांगितलंत का हे?"

"खुळी का काय? पैलवानाला तुझं अंग वाकडं हाय म्हणून कोण सांगंल?"

"आणि माझं काय? इतकी वर्षं मी तुमच्या दारावरनं जाते."

मास्तरांनी चष्मा काढला. "तू कवा आलीस माझ्याकडं? ओढणी सारखी करत जायाचीस. मी कसं म्हणू, ये पोरी, तुझा खांदा बघतो?"

ते खरंच होतं. मास्तरांनी तो चादरीचा ड्रेस नीट घडी करून माझ्या पिशवीत घातला आणि म्हणाले, "रविवारी घरी येतो. आईला म्हणावं फीत शोधून ठेव. मापं ती घेईल, मी सांगीन."

रविवारी ते काठी टेकत आले. बाहेरच्या खोलीत रस्त्याकडं तोंड करून खुर्चीवर बसले, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. मधल्या दाराला आईनं जुनी साडी टांगली. आतल्या खोलीत मी पाठमोरी उभी राहिले आणि आई फीत घेऊन माझ्या मागं.

बाहेरून मास्तरांचा आवाज आला, "मानंच्या हाडावर फितीचं टोक धरा. हां. आता डाव्या खांद्याच्या टोकापतुर."

आईनं आकडा सांगितला.

"आता त्याच हाडापासनं उजव्या खांद्याच्या टोकापतुर."

आईचा हात माझ्या मानेवर होता. तो हलेना. ज्या जागेवर तिनं ओढण्या टाकल्या, पिना लावल्या, पॅड बसवले, तिथं नुसती बोटं ठेवायची तिला सवय नव्हती. मग ती बोटं हळूहळू सरकली, हाडाच्या उंचवट्यावरून खालच्या खळग्यात उतरली. फीत कातडीला गार लागली.

"काय झालं? सापडंना काय?" मास्तरांनी बाहेरून विचारलं.

"सापडलं," आई म्हणाली, पण आकडा सांगेना. मग माझ्या कानाशी, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "मीच बसवलंतं तुला त्या ट्रॉलीत. तू नको म्हणत हुतीस. मीच म्हटलं, बस, काय हुत न्हाय."

मला यातलं काही आठवत नव्हतं. आठवतो तो फक्त निळा पत्रा आणि तोंडात गेलेली माती. पस्तीस वर्षं ती हे घेऊन माझ्या उजव्या बाजूला बसत होती.

मी मागं वळले. "आई, मला ट्रॉलीत बसायचंच होतं," मी म्हणाले. खोटं होतं की खरं, मला माहीत नाही. सात वर्षांच्या मुलीला ट्रॉलीत बसायचं असतंच.

"हलू नगंस. माप चुकंल," आई म्हणाली, आणि डोळे पुसून तिनं खणखणीत आवाजात आकडा बाहेर सांगितला. मास्तरांनी तो लिहून घेतला. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. पुढची मापंही त्यांनी जरा सावकाश, मध्ये थांबत थांबत घेतली.

कापड महाद्वार रोडवरून आणलं, आमसुली रंगाचं, बारीक पांढऱ्या बुट्ट्यांचं सुती. पण मास्तरांनी त्याला हात लावू दिला नाही. आधी मांजरपाटाच्या स्वस्त, जाड्याभरड्या कापडावर कापायला लावलं, एकदा नव्हे, तीनदा. पहिल्याला बाहीचा मुंढा काखेत आवळला. दुसऱ्याला पाठ फुगली. तिसरा मी घालून बाहेर आले तेव्हा त्यांनी मला भिंतीकडं तोंड करून उभं राहायला सांगितलं आणि लांबूनच बघत राहिले.

"चुणी गेली," ते म्हणाले. "आता काप चांगलं कापड."

तो कुर्ता शिवायला मला दोन आठवडे लागले. गळ्याची तिरपी पट्टी चार वेळा उसवली. शेवटच्या दिवशी आईनं खालची दुमड स्वतः हातानं घातली, फॉलला घालते तसे बारीक टाके घालून. मी तो घातला, पिन नाही, पॅड नाही, ओढणी नाही. कपाटाच्या आरशाकडं पाठ केली आणि हातातल्या छोट्या आरशात बघितलं. खांदे तसेच होते, एक वर, एक खाली. पण कापड दोन्हींवर शांत बसलं होतं. ते कुणाचं तरी ओढून आणलेलं वाटत नव्हतं.

कॉलेजात कुणाला काही कळलंच नाही. एक शिपाईबाई म्हणाली, "रंग झकास हाय मॅडम," आणि निघून गेली. मी दिवसभर पुस्तकांच्या उंच कप्प्यांपाशी हात वर करून काम करत होते आणि गळा एकदाही सरकला नाही. घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हटली लोकं?" मी म्हणाले, "काहीच नाही." ती इतकी खूश झाली की तिनं संध्याकाळी शिरा केला.

त्यानंतर मी दुसरा शिवला, तिसरा शिवला. फोनवर त्या परदेशी बाईसारख्या अजून कितीतरी बायका सापडल्या. एक व्हीलचेअरमध्ये बसणारी होती. ती पँटची पाठ उंच आणि पुढची बाजू आखूड कापायची, म्हणजे बसल्यावर पोटाशी कापड गोळा व्हायचं नाही. एकीला एकच हात होता आणि ती सगळी बटणं काढून कडेला चुंबक शिवायची. मी वहीत चित्रं काढून घ्यायचे आणि मास्तरांना दाखवायचे. ते म्हणायचे, "आमच्या वेळेला असलं कुठं हुतं? एक मास्तर दुसऱ्याला कात्री पण दाखवत नव्हता."

मग मला वाटलं, मी नुसतंच घेत बसले आहे. तिसऱ्या कुर्त्याचा फोटो मी पाठीमागून काढला, केस वर बांधून, आणि फोनवर टाकला. खाली लिहिलं की हा खांदा असा आहे आणि हे कापड असं कापलं आहे. आखलेल्या कापडाचाही फोटो जोडला.

दोन दिवसांनी आईला तिच्या मावसबहिणीचा फोन आला. आईनं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"तुझी पाठ आख्ख्या गावानं बघितली म्हणं."

"बघू दे की."

"आजपतुर झाकली ती काय येडी म्हणून? चव्हाट्यावर मांडायची काय गरज हुती?"

मी चिडले. बोलू नये ते बोलले, की झाकली ती तुझ्यासाठी, माझ्यासाठी नव्हे. आईनं ताट पुढं सरकवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. साड्यांना फॉल लावत राहिली, मशीन जरा जास्तच जोरात चालवत. मी फोटो काढून टाकावा का, असा विचार करत होते. खरं तर जवळजवळ ठरवलंच होतं.

तिसऱ्या दिवशी मला एका अनोळखी मुलीचा आवाजी निरोप आला. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, हात ओले होते, म्हणून फोन मोठ्यानं लावला. आई शेजारी भाकरी थापत होती.

"ताई, मी चंदगडाकडनं बोलतो," मुलगी म्हणाली. आमच्या भागात बायकाही 'बोलतो, जातो' असंच म्हणतात. "तुमचा फोटो बघितलो. माझ्या पाठीचं हाड वाकडं हाय, जन्मापासनं. माझं लगीन ठरलंय. नवऱ्याला सगळं ठाऊक हाय, त्याला काय न्हाय त्याचं. पण ब्लाऊज बसंना कुठलंच. तीन ठिकाणी टाकून बघितलो. सगळ्या म्हणतात, पदर घे दोन्ही खांद्यावरनं, दिसायचं न्हाय. ताई, मला लग्नात पदर घेऊन बसायचं न्हाय. उकडतंय."

शेवटच्या शब्दाला ती हसली. निरोप संपला. आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. भाकरी उलटली, शेकली, फुगली. मग म्हणाली, "बोलीव तिला. आपण नंतर भांडू."

ती पुढच्या शनिवारी एकटीच एसटीनं आली, तीन-चार तासांचा प्रवास करून, हातात एक बॅग आणि काजूची पिशवी. बावीस-तेवीस वर्षांची, बारीक, बोलकी. येताच तिनं बॅगेतून लग्नाची साडी काढली. मोरपंखी रेशीम, त्यालाच जोडलेला ब्लाऊजपीस. आईनं तो बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, "चांगला घेतलाय."

मापं आईनंच घेतली. साडी टांगलेल्या दाराच्या पलीकडं मास्तर, अलीकडं आम्ही तिघी. या खेपेला आईचा हात कुठंच अडला नाही. एका बाजूला बरगड्या पुढं आल्या होत्या, तिथं ती म्हणाली, "हितं जरा ढिलं ठेवूया, जेवल्यावर त्रास नगं." मुलगी म्हणाली, "काकू, लग्नादिवशी जेवायला कोण देतंय?" बाहेर मास्तर हसल्याचं ऐकू आलं.

मांजरपाटाचं ब्लाऊज पहिल्याच दिवशी जमलं. रविवारी सकाळी मी रेशीम पसरलं. काठ बाह्यांसाठी आधी वेगळा काढला. मग पाठीचा भाग आखला, उजवी-डावी नीट मोजून, आणि कापला. उचलून मुलीच्या पाठीला लावला. वरचा खांदा खालच्या बाजूला आणि खालचा वरच्या बाजूला आला होता. मी कापडाच्या उलट्या बाजूवर आखलं होतं. घडी घालून कापलं की ही चूक होतच नाही, दोन्ही बाजू सारख्याच असतात. एकेरी कापताना कुठली बाजू वर ठेवलीय हेच बघावं लागतं, आणि मी नेमकं तेच बघितलं नव्हतं. उरलेल्या कापडात दुसरी पाठ निघणं शक्य नव्हतं.

मी खालीच बसले. मुलीला काही कळेना. बाहेरच्या खोलीत बसलेल्या मास्तरांना हाक मारली. त्यांनी तुकडा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि नुसतेच "या अल्ला" म्हणाले. मला रडू फुटलं. लोकांना फोटो दाखवून शहाणपण शिकवणारी मी, एका मुलीच्या लग्नाचं कापड घालवून बसले होते.

"आण हिकडं," आई म्हणाली.

तिनं तो तुकडा खिडकीपाशी नेला. डोळे मिटून अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तो चोळला. मग उलटला आणि पुन्हा चोळला. "हे रेशीम दोन्ही अंगानं सारखंच हाय," ती म्हणाली. "काठाला उलट-सुलट कळतंय, मधल्या कापडाला न्हाय. तीस वर्षं फॉल लावतोय मी, आतनं-भाईरनं बघितल्याबिगर एक साडी सोडली न्हाय. पालथं घाल."

मी तुकडा पालथा करून मुलीच्या पाठीवर धरला. खांदे बरोबर जागेवर आले. उन्हात नेऊन बघितलं, दिव्याखाली बघितलं. चमक तीच, रंग तोच. मास्तरांनी आपला चष्मा आईला देऊ केला आणि म्हणाले, "वहिनी, दुकान बंद करायच्या आधी तुमास्नी विचारायला पायजे हुतं."

"मला कोण इचारतंय," आई म्हणाली, पण त्या दिवशी तिनं मास्तरांना जेवायला थांबवून घेतलं.

ब्लाऊज संध्याकाळी तयार झालं. मुलीनं ते घातलं, वेणी पुढं घेतली आणि आरशात पाठ बघायला मान इतकी वळवली की दुखायला लागली. तिनं आम्हा दोघींच्या पाया पडायचा प्रयत्न केला. आईनं तिला वरच्या वर धरलं आणि म्हणाली, "ती नाटकं नगंत. पत्रिका पाठव."

पत्रिका आली. मी म्हणाले, एवढ्या लांब कशाला जायचं, फोनवर फोटो येतीलच. आई म्हणाली, "फोटोत टाके दिसत न्हाईत." आम्ही पहाटेची एसटी धरून गेलो. घाट लागल्यावर आईला मळमळलं, पण तिनं लिंबू हुंगत काढलं. लग्न शाळेच्या पटांगणात होतं. आम्ही मंडपात पोहोचलो तेव्हा मुलगी बाहुलीसारखी नटून उभी होती. आम्हाला बघताच ती हसली आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर पाठ फिरवून दाखवली. पदर एकाच खांद्यावर होता. भटजी ओरडले, "अहो, इकडं तोंड करा!"

जेवणाच्या पंगतीत आम्ही बसलो होतो, तेव्हा नवरीच्या बाजूच्या दोघी-तिघी बायका येऊन विचारायला लागल्या, ब्लाऊज कुणी शिवलं. एकीची कंबर एका बाजूला कलली होती, ऊस तोडताना मार बसल्यामुळं. एक म्हातारी पोक आल्यामुळं पुढून लांब आणि मागून आखूड दिसणाऱ्या चोळ्यांना वैतागली होती. मी म्हणाले, कोल्हापूरला या, सवडीनं बघू. आई जिलबी खाता खाता थांबली. तिनं हात धुतले, पिशवी उघडली आणि आतून मापाची फीत बाहेर काढली.

"एवढ्या लांबनं कुठं येतील त्या?" मला म्हणाली. "तू लिहून घे. कागद न्हाय? पत्रिकेच्या मागं लिही."

शाळेच्या एका रिकाम्या वर्गात, फळ्यासमोर, आई एकेकीला उभी करून मापं घेत गेली. म्हातारीच्या पाठीशी तर ती पंधरा मिनिटं होती, पुन्हा पुन्हा मोजत, मध्येच घरची चौकशी करत. परतीच्या गाडीत ती पत्रिका उजेडाकडं धरून आकडे वाचत होती आणि माझ्या अक्षराला नावं ठेवत होती. "हा सहा हाय का नऊ? मास्तर घरातनं हाकलून देतील आपल्या दोघीस्नी." मी म्हणाले, सहा. ती म्हणाली, म्हातारीची पाठ सहा कशी असंल, नऊच असणार. वाटेतलं नेसरी गाव मागं पडेपर्यंत आम्ही त्यावरच भांडत होतो.